इरावती कर्वे : आरंभीचे लेखन आणि त्यामागील संस्कार

मराठी वाचकाला इरावती कर्वे ठाऊक असतात त्या प्रामुख्याने ‘युगान्त’मुळे. १९६८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेला हा ग्रंथ आणि ‘परिपूर्ती’तील ललित लेख यांनी त्यांची जी प्रतिमा घडवली, तिच्याआड त्यांचे १९२८ ते १९४४ या काळातील शास्त्रीय लेखन झाकले गेले आहे. महाविद्यालयीन पाठ्यक्रमांतही त्यांचा परिचय बहुधा १९५३ च्या भारतातील नातेव्यवस्थेवरील ग्रंथापासून सुरू होतो. आधीची पंधरा वर्षे वगळली म्हणजे त्या ग्रंथाचे बळ कोठून आले आणि त्याच्या मर्यादा कोठे पडल्या, या दोन्हींचा उलगडा होत नाही.

ब्रह्मदेशातील मिंज्यान येथे १९०५ साली जन्मलेल्या इरावतीबाई वयाच्या सातव्या वर्षी पुण्याला हुजूरपागेत शिकण्यासाठी आल्या आणि रँग्लर र. पु. परांजपे यांच्या घरी वाढल्या. परांजपे कडवे बुद्धिवादी होते. पुढे त्या महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या सून झाल्या. या दोन घरांचा उल्लेख प्रत्येक चरित्रलेखात येतो. त्यांच्या संशोधनाची घडण मात्र त्याहून अधिक ज्या दोन गुरूंकडे झाली, त्यांची नावे मुंबईचे गो. स. घुर्ये आणि बर्लिनचे ऑयगेन फिशर.

घुर्ये केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्या हाताखाली शिकले होते. वंशावळी जमवणे, नातेवाचक शब्दांवरून समाजाची बांधणी ओळखणे ही रिव्हर्स यांची रीत घुर्ये यांच्यामार्फत मुंबईत आली. संस्कृत ग्रंथ हे समाजशास्त्राचे साधन मानण्याची सवय घुर्ये यांची स्वतःची. इरावतीबाईंचा १९२८ चा पदव्युत्तर प्रबंध चित्पावनांवर होता. १९३२ साली मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात त्यांनी परशुरामकथेवर लेख लिहिला. चित्पावनांच्या उत्पत्तिकथेत परशुराम येतोच, तेव्हा विषय त्यांच्या घरचाच. तरीही कथेकडे त्या श्रद्धेने नव्हे, पुरावा म्हणून पाहतात.

बर्लिनचा अनुभव वेगळा होता आणि आज तोच अधिक लक्षपूर्वक वाचायला हवा. फिशर यांनी जर्मन अंमलाखालील नैऋत्य आफ्रिकेत रेहोबोथ येथील मिश्र वंशाच्या लोकांवर १९१३ साली ग्रंथ लिहिला होता. १९२७ साली स्थापन झालेल्या, मानववंश, आनुवंशिकता आणि वंशसुधार यांना वाहिलेल्या कैसर विल्हेल्म संस्थेचे ते प्रमुख होते आणि १९३३ नंतर नाझी राजवटीच्या वंशधोरणाला त्यांनी शास्त्राचे पाठबळ दिले. त्यांनी या विद्यार्थिनीला विषय दिला तो मानवी कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील असमानतेचा. ही असमानता युरोपीयांत अधिक असते आणि तिचा संबंध त्यांच्या विचारशक्तीशी आहे, असे गृहीत त्यामागे होते. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि वंशागणिक असा भेद दिसत नाही, असा निष्कर्ष १९३१ च्या प्रबंधात मांडला. परदेशातून आलेली पंचविशीतील विद्यार्थिनी, तीही आपल्याच मार्गदर्शकाच्या संस्थेत बसून! उर्मिला देशपांडे आणि थियागो पिंटो बार्बोसा यांच्या २०२४ च्या चरित्रग्रंथामुळे हा प्रसंग आता सर्वांपुढे आला असून त्याचे कौतुकही खूप झाले. ते रास्तच आहे.

पण कौतुकात एक गोष्ट निसटते. निष्कर्ष गुरूच्या विरुद्ध गेला, मोजपट्टी मात्र गुरूचीच राहिली. डेक्कन कॉलेजात १९३९ साली रुजू झाल्यावर इरावतीबाईंनी महाराष्ट्रभर डोकी, नाके आणि उंची मोजली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९५१ पर्यंत या मोजमापांचे अहवाल निघत राहिले. त्यांचा हेतू उच्चनीच ठरवण्याचा नव्हता, हे स्पष्ट केले पाहिजे. घुर्ये यांच्या मते एकाच समूहाच्या फाटाफुटीतून पोटजाती झाल्या. इरावतीबाईंना तसे वाटत नव्हते. एकाच नावाखाली निरनिराळ्या मुळांचे समूह शेजारी येऊन बसले, असे त्यांचे म्हणणे, आणि त्यासाठी त्यांना शरीरमापनाचा पुरावा हवा होता. चाकाच्या प्रकारावरून वेगळ्या ओळखल्या जाणाऱ्या कुंभारांच्या पोटजातींचे त्यांचे उदाहरण सुप्रसिद्ध आहे. हा युक्तिवाद चाकावर आणि बेटीव्यवहारावर उभा राहतो, नाकाच्या मापाची त्याला फारशी गरज नाही. मानवी जनुकीय भिन्नतेचा फार मोठा भाग समूहासमूहांत नसून प्रत्येक समूहाच्या आतच असतो, हे लेवोन्टिन यांनी १९७२ साली, म्हणजे इरावतीबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, दाखवून दिले. मोजमापांचे ते अहवाल वर्गात शिकवायचे तर ही पुस्ती जोडूनच शिकवावे लागतील.

या काळातील सर्वांत टिकाऊ लेखन म्हणजे नातेवाचक शब्दांवरील लेखमाला. ऋग्वेद व अथर्ववेद यांतील नात्यांचे शब्द, मग मराठी मुलखातील शब्द आणि रूढी, पुढे महाभारताच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीतील कुटुंबरचना. पोथीतला शब्द आणि ओसरीवर ऐकलेला शब्द शेजारी ठेवून पाहण्याची त्यांची हातोटी येथेच घडली. मामेबहिणीशी लग्न उत्तरेत निषिद्ध, दक्षिणेत इष्ट आणि महाराष्ट्र या दोहोंच्या मधला, हे १९५३ च्या ग्रंथातील सूत्र याच टिपणांतून आले. बेळगाव-धारवाडकडे ज्यांची सोयरीक आहे, त्यांना ते पुस्तकाविनाही ठाऊक असते.

येथेच मर्यादाही आहे. संस्कृत ग्रंथ हे प्रारंभस्थान ठरल्यामुळे ज्यांच्या नात्यांचा उगम त्या ग्रंथांत नाही, ते चौकटीच्या कडेला गेले. दख्खन आणि कोकणातील मुसलमान कुटुंबांत मामेबहिणीबरोबरच चुलत आणि मावसबहिणीशीही विवाह चालतो, तर शेजारच्या हिंदू घरांत तो वर्ज्य. एकाच गावातला, एकच बोली बोलणाऱ्यांतला हा फरक नातेव्यवस्थेच्या अभ्यासकाला केवढे साहित्य पुरवू शकला असता! त्या ग्रंथाचा सारा भर मात्र हिंदू कुटुंबांवर राहिला. हा आकस म्हणता येणार नाही. घुर्ये यांच्याकडून आलेली साधनांची निवडच तशी होती. फिशर यांच्या गृहीताची परीक्षा त्यांनी कवट्या हातात घेऊन केली. घुर्ये यांच्या निष्कर्षांनाही त्यांनी आव्हान दिले, परंतु त्यांच्या साधनांना तशी परीक्षा कधी द्यावी लागली नाही. मराठी बोलणाऱ्या मुसलमान घरांतील नात्यांचे शब्द, खाला, फुफी, मामू आणि त्यांच्या जोडीने वावरणारे मराठी शब्द, इरावतीबाईंच्याच पद्धतीने गोळा करण्याचे काम बाकी आहे.