माफीचा साक्षीदार

हिंदीतील ‘सरकारी गवाह’ या शब्दापेक्षा मराठीतील ‘माफीचा साक्षीदार’ आम्हांस अधिक प्रामाणिक वाटतो. साक्षीचे मोल त्यात झाकलेले नाही.

तरतूद मुळात गैर नव्हे. लाच बंद दाराआड घेतली जाते. आतला कोणी बोलल्याखेरीज पुरावा मिळणे कठीण. सारे खरे सांगण्याच्या अटीवर न्यायालय माफी देते. फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम 306 हे 2024 पासून नव्या संहितेत 343 झाले, तत्त्व तेच राहिले.

आमचा आक्षेप माफी कोणास, यावर आहे. 2022 मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने बडतर्फ पोलीस अधिकारी सचिन वाझे यांना माजी गृहमंत्री अनिल देशमुख यांच्यावरील भ्रष्टाचाराच्या खटल्यात माफीचा साक्षीदार केले. त्याच वर्षअखेर देशमुखांना जामीन देताना उच्च न्यायालयाने वाझे यांच्या जबाबाच्या विश्वासार्हतेविषयी शंका दर्शविली. आरोपांच्या खरेखोटेपणात आम्ही शिरत नाही.

मात्र कचेरीत आयुष्य गेल्यामुळे एवढे ठाऊक आहे की टिपणी खालून वर जाते आणि तोंडी हुकूम वरून खाली येतो. डिचोलीच्या वाचकांस हे सांगावयास नको. खाणींवरील शहा आयोगाचा अहवाल 2012 मध्ये आला, तेव्हा चावडीचावडीवर प्रश्न सह्यांचाच होता. तशा प्रकरणी माफी द्यावयाची तर ती हुकमावरून टिपणी लिहिणाऱ्या कारकुनास द्यावी, मंजुरीची सही करणाऱ्या साहेबास नव्हे. आणि माफी मिळालेल्यास पुन्हा खुर्ची मिळू नये. कलमात यांपैकी एकही गोष्ट लिहिलेली नाही.