वसाहतीच्या इतिहासातील मालवाहकांचे स्थान

मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात गोऱ्यांची वस्ती स्थिरावली, तिच्यामागे 1860 पासून बलुचिस्तान, सिंध, पंजाब आदी प्रदेशांतून गेलेल्या मुसलमान उंटवाल्यांचे श्रम होते. 1870 ते 1872 मध्ये उभारलेल्या तारमार्गाची सामग्री आणि दूरच्या मेंढवाड्यांवरील लोकर त्यांच्या उंटांनी वाहिली. सरसकट ‘अफगाण’ म्हणून नोंदल्या गेलेल्या ह्या लोकांचे ‘योगदान’ आता इतिहासकार मान्य करतात. परंतु ही संज्ञाच सदोष आहे. वसाहतकर्त्याचे कार्य मुख्य आणि इतरांचे केवळ साहाय्य, हे तिच्यात गृहीत असते. ते वाळवंट निर्जनही नव्हते. तेथील पाणवठे मूळ रहिवाशांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते.

ब्रोकन हिल येथील मशिदीत कुराण समजून जपलेला ग्रंथ वस्तुतः ‘कससुल अंबिया’ हे बंगाली पद्य होते, असे समिया खातून यांनी ‘ऑस्ट्रेलियनामा’मध्ये (2018) दाखविले. मालवाहकांची भाषा न वाचता लिहिलेला इतिहास किती उणा राहतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

हाच निकष मुरबाड तालुक्यातील नाणेघाटाला लावून पाहण्याजोगा आहे. कोकणातील बंदरांना जुन्नरशी जोडणाऱ्या ह्या घाटातील प्राकृत लेख इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील मानला जातो. त्यात सातवाहनांचे यज्ञ आणि गाई, घोडे, कार्षापणे यांची दाने तपशिलाने येतात. घाट चढून माल नेणाऱ्यांविषयी मात्र तो मौन पाळतो. पुढे कोकणचे मीठ देशावर नेणारे आणि धान्य खाली आणणारे लमाणांचे बैलतांडेही इतिहासग्रंथांत बहुधा ओझरतेच दिसतात. 1865 साली थळघाटातून रेल्वे सुरू झाली आणि तांड्यांचा व्यवसाय ओसरू लागला. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या कक्षेत पुढे बंजाऱ्यांचे गटही आले. ज्यांच्या फिरतीवर व्यापार चालला, त्यांची फिरतीच संशयास्पद ठरली.

ही तुलना अर्थात मर्यादितच आहे. कोकणातील गावे तांड्यांनी वसविली नाहीत. जुन्या गावांना त्यांनी परस्परांशी आणि देशाशी जोडले. म्हणून किन्हवली परिसरातील वाटांचा अभ्यास करताना ताम्रपट व शिलालेख पुरेसे नाहीत. लमाणांची गोरमाटी गीते आणि ठाकर, महादेव कोळी व कातकरी यांचे रानवाटांचे ज्ञान यांनाही साधनाचा दर्जा द्यावा लागेल. अन्यथा वाटेचा इतिहास लिहिला जाईल, वाटसरूंचा नव्हे.