सिद्दी तरुणांसाठीच्या करिअर योजना : एक चिकित्सा

प्रास्ताविक

कृष्णवर्णीय तरुणांच्या रोजगारसंधी हा विषय निघाला की आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात अमेरिका येते. तिथली कृष्णवर्णीयांची महाविद्यालये, शिष्यवृत्त्या आणि खेळाडू आपल्याला ऐकून ठाऊक असतात. परंतु आफ्रिकी वंशाचा एक समाज आपल्याच बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातील जंगलपट्ट्यात राहतो, ही गोष्ट बेळगाव-निपाणी भागातील अनेक अध्यापकांच्या ध्यानात नसते. हा समाज म्हणजे सिद्दी. खानापूरला लागून असलेले उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, तसेच पुढे यल्लापूर, मुंडगोड आणि धारवाड जिल्ह्यातील कलघटगी या परिसरात त्याची मुख्य वस्ती आहे. सिद्दींमध्ये हिंदू, ख्रिस्ती आणि मुसलमान अशा तिन्ही धर्मांची कुटुंबे आहेत. घरात कोकणी वळणाची बोली, बाजारात कन्नड, खानापूरकडे मराठी आणि मुसलमान घरांत त्याखेरीज उर्दू, असा त्यांचा भाषाव्यवहार आहे.

या समाजातील तरुणांना उपजीविकेच्या वाटा मिळाव्यात म्हणून गेल्या चाळीस वर्षांत सरकारने, स्वयंसेवी संस्थांनी आणि खुद्द सिद्दींनी काही प्रयत्न केले. त्या प्रयत्नांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : या योजनांचे यश देणाऱ्याच्या मापाने मोजले गेले. पदक मिळाले का, दाखला दिला का, प्रयोग रंगला का, हे पाहिले गेले. तो तरुण पंचविसाव्या वर्षी कोठे आहे, हे मात्र क्वचितच विचारले गेले.

मैदानाची वाट

१९८७ मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणाने 'स्पेशल एरिया गेम्स' या योजनेखाली कर्नाटक व गुजरातमधील सिद्दी मुलामुलींची निवड सुरू केली. आफ्रिकी वंशाचे धावपटू जगभर पदके जिंकतात, तेव्हा आपल्या देशातील आफ्रिकी वंशाच्या मुलांना शिकवले तर भारतालाही ऑलिंपिकमध्ये पदके मिळतील, असा त्यामागचा सरळ हिशेब होता. जंगलातील वाडीवर वाढलेल्या मुलांना वसतिगृह, सकस आहार, बूट आणि प्रशिक्षक मिळाले. त्यांतील काही राष्ट्रीय पातळीवर चमकले. पुढे १९९३ मध्ये सिद्दींसाठीचा हा उपक्रम बंद पडला.

या योजनेवर घेतला जाणारा एक आक्षेप चिकित्सेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी लागली की मुले सराव सोडतात, म्हणून योजना फसली, असे म्हटले जाते. हा आक्षेप कोणाच्या बाजूने उभा राहून घेतला आहे, हे पाहिले पाहिजे. ज्याला पदक हवे होते त्याच्या लेखी ही फसगत असेल. पण ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या बागेत आणि शेतात मजुरी झाली, त्या घरातील मुलाला निवृत्तिवेतनाची नोकरी मिळाली असेल तर करिअर घडवणे यापेक्षा वेगळे काय असते? माप बदलले असते तर अपयश म्हणून नोंदलेली हीच गोष्ट योजनेची सर्वांत मोठी कमाई ठरली असती.

खरा दोष दुसरीकडे होता. निवड कातडीचा रंग आणि शरीराची ठेवण पाहून झाली. मुलाला काय व्हायचे आहे, हे विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही. खेळाबरोबर शिक्षण पक्के करून घेण्याची आणि दुखापत झाली किंवा निवड हुकली तर पुढे काय, याची तरतूद योजनेच्या मुळाशी नव्हती. उपक्रम थांबला तेव्हा मधल्या वयाची मुले गावी परतली. त्यांचे मैदान सुटले होते आणि शाळेचा धागाही बारीक झाला होता. अमेरिकेत हॅरी एडवर्ड्स या समाजशास्त्रज्ञाने कृष्णवर्णीय तरुणांबाबत हाच इशारा अनेक वर्षे दिला. खेळ ही एकच वाट दाखवली की तिच्यावरून गळणाऱ्या असंख्य मुलांसाठी दुसरी वाट उरत नाही, हे त्याचे म्हणणे आपल्याकडे कोणी वाचले नसावे.

गेल्या दशकापासून मुंडगोड परिसरात 'ब्रिजेस ऑफ स्पोर्ट्स' ही संस्था सिद्दी व इतर वंचित मुलांना धावण्याचे शिक्षण देत आहे. असे प्रयत्न स्वागतार्ह आहेत. मात्र त्यांनाही वरचाच प्रश्न विचारला पाहिजे. शंभर मुले सराव करतात तेव्हा त्यांतली दोन पदकापर्यंत जातील. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांच्या हाती काय उरेल?

विस्मृतीतला इतिहास

सिद्दी म्हणजे धावणारा, नाचणारा, अंगमेहनतीचा माणूस, ही समजूत मराठी मुलखात तरी टिकायला नको होती. हबशी गुलाम म्हणून दख्खनमध्ये आलेल्या मलिक अंबरने (मृत्यू १६२६) निजामशाहीचा कारभार सांभाळला, जमीन मोजणी व साऱ्याची घडी बसवली आणि मोगलांना वर्षानुवर्षे झुंजवले. जंजिऱ्याच्या सिद्दींचे आरमार व राज्य १९४८ पर्यंत टिकले. शाळेत हा इतिहास शिकलेला माणूस सिद्दी मुलाकडे पाहून प्रथम त्याच्या पायांचा विचार करतो. त्याच्यात एखादा महसूल अधिकारी किंवा नौकानयन अभियंता दडला असेल असे त्याच्या मनात येत नाही. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला. ज्या भाषेत ही अर्पणपत्रिका लिहिली गेली, त्याच भाषेत 'हबशी' हा शब्द आजही शाळेच्या अंगणात चिडवण्यासाठी वापरला जातो. करिअर मार्गदर्शनाची सुरुवात या शब्दापासून करावी लागेल.

रंगभूमी आणि कौदी

कलेच्या क्षेत्रातील प्रयत्नांचे चित्र अधिक आशादायक आहे. यल्लापूर तालुक्यातील मंचीकेरीचे सिद्दी कलावंत आणि हेग्गोडूची 'नीनासम्' ही नाट्यसंस्था यांच्या संबंधातून काही तरुणांना रीतसर नाट्यशिक्षण मिळाले. नीनासम्‌मध्ये शिकलेले प्रशांत सिद्दी पुढे कन्नड चित्रपटांत नट म्हणून नावारूपाला आले. येथे प्रशिक्षणाला अभ्यासक्रम होता, भाषा कमावली जात होती आणि कौशल्य माणसाच्या स्वतःच्या मालकीचे होत होते, हा मैदानी योजनेपेक्षा मोठा फरक आहे.

सिद्दी स्त्रिया जुन्या कपड्यांच्या ठिगळांतून जी कवंदी शिवतात, तिला आपल्याकडे वाकळ किंवा कौदी म्हणतात. हेन्री ड्रूअल या अमेरिकन कला-अभ्यासकाच्या पुढाकाराने या कवंद्या परदेशातील प्रदर्शनांपर्यंत गेल्या. आईच्या हाती स्वतःचा पैसा येणे हे मुलीचे शिक्षण टिकण्यासाठी उपयोगाचे असते, म्हणून या उपक्रमाचे मोल आहे. तरीही शिकलेल्या मुलीलाही शेवटी कौदीच शिवायला लावणारी योजना असेल तर ती करिअरची योजना म्हणता येणार नाही. परंपरा जपण्याचे ओझे ज्यांच्याकडे सर्वांत कमी साधने आहेत त्यांच्याच मुलींवर टाकणे न्यायाचे नाही.

सरहद्दीचा प्रश्न

आता आपल्या भागाला सर्वांत जवळून भिडणाऱ्या मुद्द्याकडे वळू. सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळावा ही मागणी १९८० च्या दशकापासून होती. तो दर्जा २००३ मध्ये मिळाला. परंतु फक्त उत्तर कन्नड जिल्ह्यापुरता. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतील सिद्दींचा समावेश होण्यासाठी २०२० ची घटनात्मक आदेशातील दुरुस्ती यावी लागली. मधली सतरा वर्षे काय झाले, याचा विचार करू. समजा, दोन मावसभाऊ आहेत. एक हल्याळ तालुक्यात, दुसरा खानापूर तालुक्यात. आजी एक, बोली एक, जंगल एक. पहिल्याला शाळेपासून जमातीची शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि नोकरीत राखीव जागा यांचा हक्क. दुसऱ्याला त्यातले काहीही नाही. २००३ मध्ये खानापुरात जन्मलेले सिद्दी मूल २०२० मध्ये सतरा वर्षांचे, म्हणजे पी.यू.सी.च्या वयाचे होते. त्याचे संपूर्ण शालेय शिक्षण जिल्ह्याच्या एका रेषेने हक्काबाहेर ठेवले.

या रेषेचा आणखी एक परिणाम झाला. जनगणनेत जमातींची गणना अधिसूचित क्षेत्रापुरतीच होते. त्यामुळे २०११ च्या जनगणनेत कर्नाटकातील सिद्दींची जी सुमारे दहा हजारांची संख्या दिसते, तीत बेळगावचा सिद्दी जमात म्हणून मोजलाच गेलेला नाही. जो मोजला गेला नाही त्याच्यासाठी योजना आखली जात नाही. गुजरातेत हाच समाज विशेष दुर्बल आदिम जमातींच्या यादीत आहे. तेथील हिराबाई लोबी यांना समाजकार्यासाठी २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. मूळ एकच असलेल्या समाजाची तीन ठिकाणी तीन स्थाने झाली.

निपाणीच्या अध्यापकांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. गाव कर्नाटकात आणि अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय महाराष्ट्रात, ही स्थिती ते रोज अनुभवतात. राज्य बदलले की जातीच्या दाखल्याचे काय होते, हे प्रवेशाच्या खिडकीशी उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याला पुरते कळते. १९९० च्या मर्री चंद्रशेखर राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एका राज्यातील अनुसूचित जातीजमातीच्या व्यक्तीला दुसऱ्या राज्यातील सवलती स्थलांतराने मिळत नाहीत, असे स्पष्ट केले. तेव्हा खानापूरचा सिद्दी विद्यार्थी कोल्हापूर किंवा पुण्याकडे शिकायला निघाला तर महाराष्ट्राच्या कोट्यातील जागेवर त्याचा दावा राहत नाही. केंद्र सरकारच्या सेवा व संस्थांसाठी मात्र कर्नाटकाचा दाखला चालतो. प्रवेश घेण्यापूर्वी हा फरक त्याला सांगणारा माणूस भेटला पाहिजे.

मुस्लिम शिक्षणसंस्थांपुढील प्रश्न

अनुसूचित जातीच्या दर्जाला धर्माची अट आहे. हिंदू, शीख व बौद्ध यांनाच तो मिळतो. अनुसूचित जमातीला अशी अट नाही. त्यामुळे मुसलमान सिद्दी विद्यार्थी जमातीच्या सवलतींना पूर्ण पात्र आहे. परंतु शाळेच्या नोंदवहीत जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' लिहिलेले असेल, तर नाडकचेरीत दाखला मागताना त्याची अडवणूक होण्याचा संभव राहतो. हे लिहिणारा हात बहुधा आपल्यातल्याच एखाद्या शिक्षकाचा किंवा कारकुनाचा असतो. सर्वांना एक मानण्याच्या सद्भावनेतून झालेली ती नोंद मुलाचा हक्क बुडवू शकते. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाने मुस्लिम समाज एकजिनसी नाही, त्यात स्तर आहेत, हे दाखवून दिले होते. सिद्दी हा त्यातला अत्यंत लहान आणि सहज नजरेआड होणारा स्तर आहे.

आपले गुणगौरव समारंभही या दृष्टीने तपासले पाहिजेत. ऐंशी टक्क्यांच्या वर गुण असणाऱ्यांना शाल व रोख बक्षीस देणे सोपे असते. घरातून पहिल्यांदाच एस.एस.एल.सी. झालेली, पन्नास टक्के मिळवलेली सिद्दी मुलगी त्या व्यासपीठावर कधी येत नाही. मदतीची खरी गरज तिलाच असते. गुणवत्तेची ही मोजपट्टी आणि पदकाची ती मोजपट्टी यांत तत्त्वतः फरक नाही.

काय करता येईल

आरक्षण पुरेसे आहे, असा एक युक्तिवाद पुढे येईल. कर्नाटकाने २०२२ मध्ये जमातींचे आरक्षण ३ वरून ७ टक्क्यांवर नेण्याचा निर्णय घेतला. पण त्याच यादीत संख्येने मोठे आणि संघटित समाज आहेत. काही हजारांच्या समाजाला दाखल्याच्या जोरावर वाटा मिळणे कठीण. शांताराम सिद्दी यांची २०२० मध्ये विधान परिषदेवर नियुक्ती झाली, ही या समाजाच्या दृष्टीने मोठी घटना होय. तरीही एक आमदार प्रत्येक मुलाबरोबर तहसीलदार कचेरीत जाऊ शकत नाही. ते काम महाविद्यालयाचे आहे.

त्यासाठी फार पैसा लागत नाही. प्रवेशाच्या वेळी सिद्दी विद्यार्थ्याची नोंद व दाखला तपासून घ्यावा आणि चूक असल्यास दुरुस्तीचा अर्ज महाविद्यालयाने पुढे न्यावा. मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्या मुलाला पहिल्या वर्षापासून कन्नड शिकवावे. राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत कन्नडची पात्रता लागते, हे पदवीनंतर कळून उपयोग नाही. खेळाडू विद्यार्थ्याच्या हजेरीची आणि फेरपरीक्षेची सोय आधीच ठरवावी. आणि एका अध्यापकाने, पदवी मिळाल्यानंतर तीन वर्षे, तो विद्यार्थी कोठे आहे याची वही ठेवावी.

समारोप

१९८७ च्या योजनेकडे पैसा, वसतिगृहे आणि प्रशिक्षक होते. अशी वही नव्हती. त्या मुलांचे पुढे काय झाले हे आज पत्रकारांना आणि अभ्यासकांना गावोगाव फिरून विचारावे लागते, यातच त्या योजनेची समीक्षा आली. २०२० नंतर खानापूर तालुक्यातील सिद्दी मुले प्रथमच हक्काच्या दाखल्यानिशी आपल्या वर्गात येत आहेत. त्यांच्याबाबत वीस वर्षांनी असाच लेख लिहिण्याची वेळ येऊ नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.