कुलूप-किल्ली आणि बाबांची गोळी

मार्च २०२०. फॅमिली ग्रुपवर मी एक चित्र टाकलं. पेशीच्या भिंतीवर कुलूप, त्यावर लिहिलेलं 'एसीई-२', समोर किल्ली घेऊन उभा असलेला करोना. मला ते फार आवडलं होतं. एका नजरेत कळतं ना!

बाबांनाही कळलं. आपल्या बीपीच्या गोळीने, टेल्मिसार्टनने, ही कुलुपं वाढतात असं त्यांनी कुठेतरी वाचलं. कुलुपं जास्त, तर धोका जास्त. त्यांनी कुणालाही न सांगता गोळी बंद केली. चक्कर येऊन बसले तेव्हा आम्हाला समजलं.

म्हणून या उपमेवर माझा राग आहे. तशी ती जुनी. एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८९४ साली एन्झाइमसाठी वापरलेली. दोन रेणूंचे आकार जुळावे लागतात, एवढंच सांगायचं असेल तर चोख आहे. करोनाच्या काट्याचं टोक एसीई-२ वर खरंच नेमकं बसतं.

पण कुलूप म्हटलं की दार येतं, आणि इथे दारच नाही. एसीई-२ काही उघडत नाही. रक्तवाहिन्या आवळणाऱ्या अँजिओटेन्सिन-२ ला तोडणं हे त्याचं रोजचं काम, म्हणजे बाबांच्या गोळीच्याच बाजूचं. विषाणू त्याला नुसता धरतो, लोकलचा दांडा धरावा तसा.

खरी घटना त्यानंतरची, आणि तिथे किल्ली साफ निकामी. किल्ली कुलूप उघडून जशीच्या तशी राहते, काटा राहत नाही. तो ज्या पेशीत तयार झाला, तिथल्या फ्युरिनने त्याला आधीच एक काप दिलेला असतो. आता नव्या पेशीवरचं टीएमपीआरएसएस-२ दुसरा देतं. दोन्ही कात्र्या आपल्याच! (हे कुठल्या फॉरवर्डमध्ये होतं?) मग काट्याचा वरचा भाग गळतो, आतला स्प्रिंगसारखा ताठ होतो, त्याचं टोक पेशीच्या पटलात रुततं आणि सगळा काटा उलटा दुमडून दोन्ही पटलं एकमेकांकडे खेचतो. पटलं मेदाची. मिसळीच्या तर्रीवर तेलाचे दोन थेंब भेटून एक होतात, तशी ती एक होतात. फक्त तेल आपणहून मिसळतं, इथे जबरदस्ती लागते. कधी पेशी विषाणूला आधी पोटात घेते आणि हेच सगळं आतल्या पिशवीत घडतं. ओमायक्रॉनचा कल त्या वाटेकडे जास्त.

अमेरिकेच्या सीडीसीचा तो करडा गोळा आणि लाल काटे आठवतात? चित्र म्हणून देखणंच. पण त्यातले काटे टाचण्यांसारखे ताठ. खऱ्या काट्याला सांधे असतात, तो डुलतो, वर साखरेच्या रेणूंचं पांघरूण. स्थिर चित्रात डुलणं कसं दाखवणार, हे मान्य. पण कुलूपवाल्या चित्राला ही सवलत मी देणार नाही. त्याने न हलणारी गोष्ट सांगितली आणि तीच पूर्ण आहे असं भासवलं.

हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटना त्याच मार्चमध्ये सांगत होत्या, गोळ्या बंद करू नका. पुढे ब्राझीलमधल्या एका चाचणीत, करोनाने दाखल झालेल्यांच्या या गोळ्या थांबवून काहीही फायदा दिसला नाही. पण ग्रुपवर पोचलं होतं ते कुलूप, आणि ते मीच पोचवलं होतं.

परवा बाबांना तर्रीची उपमा सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे आता मिसळ बंद करायची का?"