गिट-फ्लो: शाखा सांभाळल्या, पण सर्व्हरचं काय?

पेट देऊन पीएचडीच्या तयारीला लागलेल्या अनेकांना वाटतं की व्हर्जन कंट्रोल हे आयटीवाल्यांचं काम. एमएस्सी होईपर्यंत मलाही तसंच वाटायचं. मग लॅबच्या डेटा-पोर्टलची जबाबदारी माझ्यावर आली आणि बहुतेक जण वाचतात तोच लेख मीही वाचला: व्हिन्सेंट ड्रिसेन यांचा, ५ जानेवारी २०१० चा. त्यातली पद्धत पुढे 'गिट-फ्लो' नावाने रूढ झाली. आज तो लेख जरा चिकित्सकपणे वाचूया, कारण तो तंतोतंत पाळूनही मी तोंडावर आपटलो.

आधी त्यात काय आहे ते बघा. दोन कायमच्या शाखा: 'मास्टर' म्हणजे प्रकाशनायोग्य कोड, 'डेव्हलप' म्हणजे चालू काम. शिवाय तीन तात्पुरत्या: फीचर, रिलीज आणि हॉटफिक्स. रिलीज शाखा डेव्हलपमधून निघते, तिथे फक्त चुका दुरुस्त होतात, मग ती मास्टरमध्ये मिळते, टॅग लागतो आणि ती डेव्हलपमध्येही परत मिळते. कल्याणला लाईन फुटली की कसाऱ्याची गाडी कर्जतला उगवत नाही. इथे मात्र प्रत्येक फाट्याने परत यायचंच, हा नियम आहे. लेखाची खरी ताकद हीच. घाईत केलेली दुरुस्ती डेव्हलपमध्ये परत आणली नाही, तर पुढच्या प्रकाशनात तीच चूक पुन्हा हजर होते. हे इतक्या स्वच्छ आकृतीसह समजावणं सोपं नाही.

आता माझी गोष्ट. एका रविवारी डोंबिवलीच्या घरून मी थेट लाइव्ह सर्व्हरवर लॉगिन केलं आणि नको असलेली निरीक्षणं गाळणाऱ्या फाईलमधली एक मर्यादा बदलली. पोर्टल नीट चाललं, कमिट करायचं राहिलं. त्याच पोर्टलवरून प्रबंधाच्या एका प्रकरणाचा आलेख काढला. दोन महिन्यांनी नवीन प्रकाशन करताना सर्व्हरवर पुल अडला, कारण गिटला तो बदल दिसत होता. मी विचार न करता हार्ड रिसेट मारला. पुढे गाईड म्हणाले, "हा आलेख परत काढून दाखव." काढला, तर बिंदूंची संख्याच वेगळी! रिपॉझिटरीत सगळ्या शाखा शिस्तीत होत्या, पण ज्या कोडने तो आलेख निघाला तो कुठेच नव्हता. ते प्रकरण मला पुन्हा लिहावं लागलं.

चूक माझीच. पण लेखाची मर्यादाही इथेच दिसते. मास्टर शाखा सांगते की सर्व्हरवर काय चालायला हवं. काय चालतंय, हे ती सांगत नाही. डेव्हलपमेंट, चाचणी आणि लाइव्ह अशा तीन सर्व्हरवर कोडखेरीज डेटाबेसची रचना, लायब्ररींच्या आवृत्त्या आणि सेटिंग्ज असतात. कोड जुन्या टॅगवर नेता येतो, डेटाबेस आपोआप मागे जात नाही. याबद्दल लेख जवळजवळ गप्प आहे.

दुसरा आक्षेप बारीक आहे, पण संशोधनात महत्त्वाचा. चाचणी होते रिलीज शाखेवरच्या कमिटची, टॅग लागतो मास्टरवर तयार झालेल्या नव्या मर्ज-कमिटला. दोन्हींतला मजकूर बहुधा सारखाच असतो. पण मधे आलेला हॉटफिक्स रिलीज शाखेत न्यायला विसरलात, तर प्रकाशित होतो तो कोड कुणीच तपासलेला नसतो. म्हणून टॅग लावण्याआधी दोन्हींचा डिफ काढा. तो रिकामाच यायला हवा.

तिसरा प्रश्न: ही पद्धत कुणासाठी? ड्रिसेन यांनी स्वतः ५ मार्च २०२० रोजी लेखाच्या वर टीप जोडली: सतत प्रकाशित होणाऱ्या वेब-ॲपसाठी गिटहब-फ्लोसारखी साधी पद्धत घ्या, अनेक आवृत्त्या एकाच वेळी सांभाळायच्या असतील तर गिट-फ्लो चालेल. आपल्या भागातलं उदाहरण घेऊन विचार करा. कल्याण-डोंबिवली महापालिकेची ई-गव्हर्नन्स प्रणाली राज्य सरकारने इतर शहरांसाठी नमुना म्हणून घेतली. एकच प्रणाली अनेक पालिकांत चालवायची, तर सगळीकडे एकाच दिवशी नवी आवृत्ती जाणं कठीण. जुन्या-नव्या आवृत्त्या शेजारी शेजारी जगतात. तिथे रिलीज शाखांना अर्थ आहे. लॅबच्या एका पोर्टलसाठी मात्र पाच प्रकारच्या शाखा म्हणजे दोघांच्या घरात पंगतीची भांडी. स्वतःच्या लेखावर दहा वर्षांनी अशी टीप लिहिणं मला लेखाइतकंच मोलाचं वाटतं.

मग आता मी काय करतो? एकच मुख्य शाखा, छोट्या फीचर शाखा आणि प्रत्येक प्रकाशनाला टॅग. सर्व्हरवर हाताने बदल अजिबात नाही. जो टॅग चाचणी सर्व्हरवर तपासला, तोच लाइव्हवर. पासवर्ड आणि सेटिंग्ज कोडबाहेर. आणि प्रत्येक आलेखाच्या कोपऱ्यात कमिटचा क्रमांक छापतो. सर्व्हरवर 'गिट स्टेटस' स्वच्छ नसेल तर आलेख काढणारी स्क्रिप्ट चालतच नाही.

तुम्ही अजून सुरुवात केली नसेल तर उत्तम. लेख जरूर वाचा, आकृती कागदावर काढा. पण वाचून झाल्यावर स्वतःला एक प्रश्न विचारा: तुमचा शेवटचा आलेख नेमक्या कोणत्या कमिटमधून आला? उत्तर देता येत नसेल, तर शाखांच्या आधी तेवढं बघा.