वेल्समधील पुरुषांचें वृंदगायन

पुष्कळांनीं मिळून गाणें म्हणजे कलेला सवंग करणें होय, असा एक समज आमच्या रसिक मित्रांत रूढ आहे. तंबोऱ्यापुढें एकटा गवई बसावा, त्यानें आपल्या बुद्धीनें राग उलगडावा आणि इतरांनीं माना डोलवाव्या, ह्यापलीकडे गायनाला दुसरा कांहीं अर्थ असूं शकेल हें त्यांस पटत नाहीं. आम्हीही पुष्कळ वर्षें ह्याच मताचे होतों. दक्षिण वेल्समधील कोळशाच्या खाणींच्या खोऱ्यांत एका पुरुषवृंदाच्या तालमीस बसण्याचा योग आला, तेव्हां तें मत डळमळलें. समूळ गेलें असें मात्र म्हणवत नाहीं.

ह्या वृंदांत आवाजांचे चार वर्ग असतात: पहिला टेनर, दुसरा टेनर, बॅरिटोन व बास. चाल बहुधा पहिल्या टेनरकडे आणि तळ बासकडे असतो. मधल्यांच्या वांट्यास काय येतें, हें बाहेरून ऐकणाऱ्यास कळत नाहीं. आम्हांस कौतुकानें दुसऱ्या टेनरांच्या रांगेंत उभें करण्यांत आलें. त्या रांगेचे स्वर आम्हीं आधीं एकट्यानें म्हणून पाहिले, तों ते अगदींच रुक्ष वाटले. चार-पांच सुरांत येरझारा, आणि एकाच सुरावर कितीतरी वेळ मुक्काम. पण चारी वर्ग सुरू होतांच तोच कंटाळवाणा सूर क्षणोक्षणीं निराळा भासूं लागला. आम्ही होतों तेथेंच होतों. हललें होतें तें भोंवतालचें सारें. दुसऱ्या कडव्यांत आमचा कान चालीच्या मोहास बळी पडला व आम्ही खुशाल पहिल्या टेनरांत जाऊन मिसळलों! शेजारच्या गृहस्थांनीं कोपरानें हलकेंच ढोसलें. साठी उलटलेले हे गृहस्थ तरुणपणीं खाणींत होते.

ह्या श्रमिकांपर्यंत चार आवाजांचें शास्त्र पोंचलें कसें? १९ व्या शतकांत जॉन कर्वेन ह्यानें प्रसृत केलेली टॉनिक सोल्फा पद्धति तेथील प्रार्थनामंदिरांच्या वर्गांतून घरोघर गेली. पांच रेघांची स्वरलिपि न येणाराही तीवरून गाऊं शके. तींतील 'डो' हवा त्या उंचीवर कल्पितां येतो, म्हणजे आपल्या षड्जाप्रमाणेंच. हें पाहून आम्हांस थोडें घरच्यासारखें वाटलें.

दोष नाहींत असें नाहीं. आरंभीं कुजबुज आणि अखेरीस गर्जना, हा ठराविक सांचा कार्यक्रमांत इतक्या वेळां येतो कीं टाळी केव्हां पडणार हें आधींच कळतें. स्वयंस्फूर्तीला तर तेथें जागाच नाहीं, आणि ही उणीव आम्ही लहान मानीत नाहीं. जोसेफ पॅरीचें १८७५ चें 'मवान्वी' घ्या. लहानपणीं लोखंडाच्या कारखान्यांत राबलेला हा मनुष्य पुढें अ‍ॅबरिस्टविथच्या कॉलेजांत संगीताचा प्राध्यापक झाला. गीताचा विषय प्रियकरानें घेतलेला निरोप. एका प्रेयसीचा निरोप साठ-सत्तर पुरुषांनीं घ्यावा, हें वर्णनांत हास्यास्पदच वाटेल. प्रत्यक्षांत मात्र प्रत्येक जण आपला आवाज आवरून धरतो, शेजाऱ्याचा ऐकूं यावा इतकाच सोडतो. आणि तें दुःख कोणा एकाचें राहत नाहीं.

असें दुःख तेथें केवळ गीतांतलें नाहीं. २१ ऑक्टोबर १९६६ रोजीं अ‍ॅबरफॅन गांवीं खाणीच्या टाकाऊ मातीचा ढीग घसरून शाळेवर आला. १४४ जीव गेले, त्यांत ११६ मुलें होतीं. त्या आपत्तीनंतर तेथील पुरुषांनीं यनिसोवेन हा वृंद उभारला. शोकसभा भरवितां आली असती, स्मारकेंही झालींच. पण ज्यांना बोलवत नव्हतें त्यांना आपल्या वांट्याचा सूर धरून उभें राहतां आलें, हें गायनाच्या कोणत्या शास्त्रांत बसवावें? आमच्या रसिक मित्रांनीं ह्याचें उत्तर द्यावें.

ऱ्हॉन्डा खोऱ्यांतील शेवटची खोल खाण, मर्डी, १९९० मध्यें बंद झाली. तालमीच्या खोलींत पांढरीं डोकींच अधिक दिसलीं. निघतांना आम्हीं त्या गृहस्थांस विचारलें, "एकटे असतां कधीं गातां कीं नाहीं?" ते म्हणाले, "न्हाणीघरांतसुद्धां नाहीं. तेथें बास कोठून आणूं?"