गुप्तदान कोणाला करावे?

गुप्तदानाला आपल्याकडे मोठी प्रतिष्ठा आहे. दीपमाळेवर किंवा पायरीवर आपले नाव कोरून घेणाऱ्या दात्यापेक्षा मूठ झाकून दानपेटीत पैसे टाकणारा दाता आपण श्रेष्ठ मानतो. त्याचे कारण उघड आहे. देव त्या दात्याला ठेका देत नाही, जमीन देत नाही, त्याच्यामागे लागलेली चौकशी थांबवीत नाही. परतफेडीचा संभवच नसतो, म्हणून ते दान निर्मळ. परंतु ज्याच्या कमरेला राजकोशाच्या किल्ल्या आहेत, त्याला कोणी गुपचूप कोट्यवधी रुपये दिले तर त्यास दान म्हणावे काय? 2018 ते 2024 या काळात निवडणूक रोख्यांच्या नावाने आपल्या देशात जे चालले, त्याचा विचार या प्रश्नापासून करावा, असे आम्हांला वाटते.

प्रश्न नवा नाही. 1957 साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या उद्दिष्टांच्या कलमात दुरुस्ती मागितली. कायद्यात मनाई नव्हती, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छगला यांनी ती मान्य केली. पण हा धोका वाढत जाऊन लोकशाहीलाच ग्रासू शकेल, असा इशारा निकालपत्रातच देऊन ठेवला. पुढे संसदेने 1960 मध्ये अशा देणग्यांवर मर्यादा घातली, 1969 मध्ये त्यांना बंदीच केली, 1985 मध्ये बंदी उठवून सरासरी नफ्याच्या पाच टक्क्यांची मर्यादा ठेवली. 2013 च्या कंपनी कायद्याने ती साडेसात टक्के झाली. 2017 च्या वित्त कायद्याने मात्र ही मर्यादा काढून टाकली आणि कोणत्या पक्षाला किती दिले, हे हिशेबात दाखविण्याचे बंधनही उठविले. म्हणजे तोट्यात बुडालेली कंपनीही पक्षाला हवे तेवढे देण्यास मोकळी झाली. तोट्यातला व्यापारी देवाला नवस बोलतो, हे आपण समजू शकतो. तो सत्ताधाऱ्याला काय बोलत असेल?

या योजनेच्या समर्थनार्थ एक युक्तिवाद होता व तो विचारात घेतला पाहिजे. दात्याचे नाव उघड झाले तर विरुद्ध पक्ष सूड घेईल, म्हणून त्याला आडोसा हवा, असे सांगण्यात येई. भीती खोटी नाही. परंतु रोखे विकणारी पेढी होती स्टेट बँक, म्हणजे सरकारचीच. शिवाय आपण काय दिले, हे दाता घेणाऱ्याच्या कानात सांगणार नाही, असे थोडेच आहे? घेणाऱ्याला ठाऊक, देणाऱ्याला ठाऊक. अंधारात राहिला तो एकटा मतदार. 15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने ही योजना घटनाबाह्य ठरविली, ती मतदाराच्या याच हक्कासाठी.

त्यानंतर जे आकडे प्रसिद्ध झाले, त्यांत आमच्या हैदराबादचे स्थान फार वरचे आहे. येथील मेघा इंजिनिअरिंग कंपनीने 966 कोटी रुपयांचे रोखे घेतले होते. देशातील दात्यांत तिचा क्रमांक दुसरा. त्यांतील सर्वांत मोठा वाटा, सुमारे 584 कोटी, केंद्रातील सत्ताधारी भारतीय जनता पक्षाला गेला आणि 195 कोटी तेव्हा तेलंगणात सत्तेवर असलेल्या भारत राष्ट्र समितीला. या राज्यपक्षाला सर्व दात्यांकडून मिळून सुमारे 1,214 कोटी मिळाले. गोदावरीवरील काळेश्वरम प्रकल्पाची मोठमोठी पंपगृहे उभारली ती याच कंपनीने. त्या प्रकल्पाचा खर्च 81,911 कोटींवरून 1,47,427 कोटींवर जाईल आणि खर्चिलेल्या रुपयामागे लाभ 52 पैशांचा, असे महालेखापरीक्षकांच्या 2024 मध्ये विधानसभेत मांडलेल्या अहवालात म्हटले आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये मेडिगड्डा बंधाऱ्याचे खांब खचले, ते बांधकाम दुसऱ्या कंपनीचे. त्या बंधाऱ्याच्या फुगवट्याचे पाणी पलीकडे गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यातील शेतांत शिरले, ते दुःख आपल्या मराठी शेतकऱ्यांचे. याच वर्षांत आमच्या विद्यानगराशेजारच्या उस्मानिया विद्यापीठात प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या.

वाचकहो, देणगीमुळे ठेका मिळाला, असे आम्ही म्हणत नाही. तसे कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालेले नाही, आणि विशेष चौकशी पथक नेमण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2024 मध्ये नाकारली. वकिलाने पुराव्यावाचून आरोप करू नये. परंतु देणगीमुळे ठेका मिळाला नाही, असेही कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, आणि गुप्ततेचा खरा अपराध तोच आहे. तिने दोषी माणूस जसा झाकला, तसा निर्दोषही डागाळून टाकला.

आमच्या गोमंतकीय वाचकांना महाजनी ठाऊक आहे. 1933 च्या कायद्याने तेथील देवस्थानांच्या व्यवस्थेवर मामलेदाराची देखरेख असते, आणि समितीला वार्षिक अंदाजपत्रक व हिशेब द्यावा लागतो. महाराष्ट्रातही 1950 च्या विश्वस्त कायद्यानुसार हिशेबांची तपासणी होते. मंडप बांधणाऱ्या ठेकेदाराने समितीच्या चिटणिसाला चोरून पाकीट दिले, असे कळले तर आपण सभा गाजवू. मग देवाच्या पेटीविषयी जो काटेकोरपणा, तो राजकोशाविषयी का नसावा? राज्यकर्ता हाही विश्वस्तच आहे.

रोखे गेले, नफ्याची मर्यादा परत आली. पण अनेक दात्यांचे पैसे एकत्र करून पक्षांना वाटणारे निवडणूक न्यास आहेतच, आणि कोणाचा रुपया कोणाकडे गेला, हे तेथेही नीट उलगडत नाही. अमेरिकेत केंद्र सरकारचे ठेकेदार 1940 पासून पक्षांना देणगी देऊ शकत नाहीत. आपल्याकडेही तोच नियम हवा: सरकारी काम घेणाऱ्याने, ते काम चालू असेतो आणि त्यानंतर काही वर्षे, कोणत्याही पक्षाला एक पैसाही देऊ नये. ज्याला गुप्तदानच करावयाचे असेल, त्याच्यासाठी देवळाची पेटी आहे.